झेनर डायोडवर रेडिओचा सप्लाय : शंट आणि सिरीज रेग्युलेटर हिशेबानं बांधताना

आमच्या घरी एक जुना ट्रान्झिस्टर रेडिओ आहे. त्याला ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते. ती लवकर संपते, म्हणून रेडिओ घरच्या विजेवर चालवायचं ठरवलं. १२ व्होल्टचा ५०० मिलिॲम्पिअरचा ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करणारा १एन४००७ च्या चार डायोडांचा ब्रिज आणि १००० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा कपॅसिटर एवढं जोडून मीटर लावला, तर १८ व्होल्ट. ९ व्होल्टच्या रेडिओला हे थेट देता येत नाही. संध्याकाळी गावात मोटारी सुरू झाल्या की हाच आकडा खाली येतो, आणि रात्री उशिरा परत वर चढतो.

हा चढउतार थोपवून ९ व्होल्ट धरून ठेवायचे दोन जुने मार्ग आहेत, झेनरचा शंट रेग्युलेटर आणि झेनर-ट्रान्झिस्टरचा सिरीज रेग्युलेटर. दोन्ही मी याच रेडिओसाठी बांधले. पुढचे सगळे आकडे त्याच कामाचे आहेत. तुमचा सप्लाय वेगळा असेल तर आकडे बदला, पायऱ्या त्याच राहतील.

झेनर नेमकं काय करतो

धरणाचा सांडवा डोळ्यांपुढे आणा. धरण भरलं की जास्तीचं पाणी सांडव्यावरून वाहून जातं आणि पातळी सांडव्याच्या उंचीवर थांबते. वरून येणारं पाणी वाढलं तर सांडव्यावरून जास्त वाहतं, पातळी फारशी हलत नाही. पण हे सगळं सांडव्यावरून थोडं तरी पाणी वाहत असेपर्यंतच. कालव्यानं येणाऱ्यापेक्षा जास्त पाणी ओढलं, तर पातळी सांडव्याच्या खाली जाते आणि मग सांडवा काहीच करू शकत नाही.

झेनर हा असा सांडवा आहे. तो व्होल्टेज तयार करत नाही. त्याला उलटा जोडतात, म्हणजे पट्टीचं टोक, कॅथोड, धन बाजूला. ठरलेल्या व्होल्टेजपर्यंत त्यातून जवळजवळ काहीच करंट जात नाही. तो आकडा गाठला की करंट एकदम वाहू लागतो, आणि करंट कितीही बदलला तरी दोन टोकांमधलं व्होल्टेज थोडंसंच बदलतं. साधा डायोड उलट्या दिशेला असा फुटला की बहुतेक वेळा गेलाच. झेनर त्याच भागात काम करण्यासाठी बनवलेला असतो.

नाव क्लॅरेन्स झेनर या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञावरून आलं. त्यांनी १९३४ मध्ये तीव्र विद्युतक्षेत्रात विद्युतरोधक पदार्थ कसे फुटतात याचा सिद्धांत मांडला. त्यांनी सांगितलेला परिणाम साधारण ५ व्होल्टच्या खालच्या डायोडांमध्ये प्रमुख असतो. त्यावरच्या डायोडांत ॲव्हलांच, म्हणजे अणूंना धडकून आणखी इलेक्ट्रॉन मोकळे करत वाढत जाणारी इलेक्ट्रॉनांची लाट, हे काम करते. बाजारात मात्र सगळ्यांनाच झेनर म्हणतात. याचा व्यवहारात एक उपयोग आहे. तापमान वाढलं की पहिल्या प्रकारात व्होल्टेज घटतं, दुसऱ्यात वाढतं. ५ ते ६ व्होल्टच्या आसपास दोन्ही परिणाम एकमेकांना बरेचसे मारतात. म्हणून संदर्भ व्होल्टेज हवं असेल तर ५.६ चा झेनर हाताशी ठेवावा.

आधी मोजमाप

पुस्तकातल्या उदाहरणात इनपुट एकच आकडा असतो, आपल्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये तसं नसतं. म्हणून पहिलं काम सोल्डरिंगचं नाही, वहीत चार आकडे लिहून काढण्याचं.

इनपुटचं सर्वांत जास्त व्होल्टेज रात्री, काही लोड, म्हणजे करंट ओढणारं काहीही (इथे रेडिओ), न जोडता मोजा. माझ्याकडे १९ आलं. १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरला एवढं कसं, असं वाटेल. १२ हा पूर्ण लोडवरचा परिणामी (आरएमएस) आकडा असतो, शिखराचा नाही. छोटे ट्रान्सफॉर्मर बिनलोडचे सहज १३-१४ देतात, आणि कपॅसिटर शिखरापर्यंत, म्हणजे १.४१ पट चढतो. त्यातून ब्रिजमधल्या दोन डायोडांचा एखादा व्होल्ट जातो.

सर्वांत कमी व्होल्टेज मोजताना एक गोष्ट बहुतेकांची सुटते. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, पण कपॅसिटरवर लाट असते. ५० हर्ट्झच्या विजेत पूर्ण ब्रिजनंतर दर १० मिलिसेकंदांनी कपॅसिटर भरतो आणि मधल्या वेळात रिकामा होत जातो. १०० मिलिॲम्पिअर ओढले तर १००० मायक्रोफॅरडवर साधारण १ व्होल्टची लाट येते. म्हणजे तळ हा मीटरच्या आकड्याच्या अर्धा व्होल्ट खाली. मी संध्याकाळच्या आकड्यातून तो अर्धा व्होल्ट वजा करून १३ धरले.

उरलेले दोन आकडे लोडचे. रेडिओच्या तारेत मीटर ओवून करंट मोजला : हळू आवाजात २० मिलिॲम्पिअरच्या आत, मोठ्या आवाजात ८० पर्यंत. लोडचा किमान करंट मात्र शून्य धरायचा, कारण रेडिओ कधी तरी बंद होणारच.

शंट रेग्युलेटर

जोडणी सोपी आहे. इनपुटच्या धन टोकापासून एक रेझिस्टर, रेझिस्टरच्या दुसऱ्या टोकापासून जमिनीकडे (म्हणजे सप्लायच्या ऋण टोकाकडे) उलटा झेनर, आणि झेनरच्याच दोन टोकांवर लोड. रेझिस्टरमधून येणारा करंट झेनर आणि लोड वाटून घेतात. लोडनं जास्त घेतला तर झेनरच्या वाट्याला कमी येतो, लोडनं सोडला तर तो सगळा झेनर पोटात घेतो. लोडला समांतर राहून काम होतं, म्हणून शंट.

सुरुवात रेडिओ हळू चालवायचा, म्हणजे लोड २० मिलिॲम्पिअर, असं धरून केली. झेनर १एन४७३९ए, ९.१ व्होल्ट, १ वॅट. रेझिस्टर दोन टोकांच्या परिस्थितींवर ठरतो.

पहिली परिस्थिती : इनपुट सर्वांत कमी, लोड सर्वांत जास्त. इथे सांडवा कोरडा पडण्याची भीती. झेनरमधून निदान ५ मिलिॲम्पिअर वाहायला हवेत, नाहीतर तो वक्राच्या गुडघ्यावर, म्हणजे जिथे करंट नुकताच वाहू लागतो तिथे, येतो आणि व्होल्टेज ढासळतं. रेझिस्टरवर उरतात १३ − ९.१ = ३.९ व्होल्ट. करंट हवा २० + ५ = २५ मिलिॲम्पिअर. ३.९ ÷ ०.०२५ = १५६ ओहम. हा जास्तीत जास्त रेझिस्टन्स झाला. बाजारात मिळणारा त्याच्या खालचा आकडा १५० ओहम.

दुसरी परिस्थिती : इनपुट सर्वांत जास्त, लोड शून्य. इथे भीती झेनर जळण्याची. १९ − ९.१ = ९.९ व्होल्ट, भागिले १५०, म्हणजे ६६ मिलिॲम्पिअर. सगळे झेनरमधून. ९.१ × ०.०६६ = ०.६ वॅट. १ वॅटचा झेनर हे सोसतो. मला मात्र अर्ध्या क्षमतेच्या आसपास राहिलेलं जास्त आवडतं, त्यामुळे झेनरचे पाय लांब न ठेवता बोर्डावरच्या तांब्याच्या रुंद पट्टीला जोडले. झेनरची बरीचशी उष्णता त्याच्या पायांतूनच बाहेर जाते.

ही दुसरी परिस्थिती मी पूर्वी एकदा तपासली नव्हती. जास्त करंट मिळावा म्हणून ६८ ओहमचा रेझिस्टर आणि हाताशी असलेला अर्ध्या वॅटचा झेनर लावला. रेडिओ जोडलेला असताना सगळं ठीक चाललं. रेडिओची पिन काढली आणि काही क्षणांत झेनरच्या काचेवर तडा गेला. हिशेब नंतर केला : ९.९ ÷ ६८ = १४६ मिलिॲम्पिअर, गुणिले ९.१, म्हणजे १.३ वॅट. शंट रेग्युलेटरला लोड असताना नाही, लोड काढल्यावर सर्वांत जास्त ताण येतो. या एका कारणानं जळलेले झेनर मी दुसऱ्यांच्या सर्किटांतही पुष्कळ पाहिले आहेत.

रेझिस्टरचे वॅट : ९.९ × ९.९ ÷ १५० = ०.६५. म्हणून १ वॅट तरी हवा, पाव वॅटचा छोटा रेझिस्टर काळा पडेल. आउटपुट चुकून शॉर्ट झालं तर पूर्ण १९ व्होल्ट त्याच्यावर येतात, तेव्हा २.४ वॅट. ३ वॅटचा लावला तर शॉर्टमध्येही काही बिघडत नाही. शंट सर्किटचा हा मोठा गुण आहे. शॉर्ट झालं तर झेनरला विश्रांती मिळते आणि करंट रेझिस्टर रोखतो.

आता आउटपुट किती स्थिर? या झेनरचा अंतर्गत रेझिस्टन्स २८ मिलिॲम्पिअरवर सुमारे ५ ओहम. इनपुट ६ व्होल्टनं हललं तर आउटपुट ६ × ५ ÷ १५५, म्हणजे सुमारे ०.२ व्होल्ट हलतं. करंट कमी असताना तो अंतर्गत रेझिस्टन्स वाढतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं जास्त. रेडिओला एवढं चालतं. १०० हर्ट्झची गुणगुणही याच प्रमाणात, जवळजवळ तीस पटींनी खाली येते.

मीडियम वेव्ह ऐकणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. ॲव्हलांचवर चालणारा झेनर खरखर निर्माण करतो, आणि ती मीडियम वेव्हच्या पट्ट्यातही पसरलेली असते. झेनरच्या अगदी जवळ ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, दुकानातला १०४, समांतर लावा. ८०० किलोहर्ट्झला तो जेमतेम २ ओहमचा वाटतो आणि खरखर गिळून टाकतो. गुणगुणीसाठी मात्र त्याचा उपयोग नाही. तिथे छोटा इलेक्ट्रोलिटिकही फारसं करत नाही, कारण ४७ मायक्रोफॅरड १०० हर्ट्झला सुमारे ३४ ओहमचा असतो आणि त्याच्या शेजारी झेनर स्वतःच ५ ओहमचा आहे.

८० मिलिॲम्पिअरला शंट का परवडत नाही

रेडिओ मोठ्यानं लावायचा तर करंट ८० धरावा लागेल. त्याच पायऱ्यांनी रेझिस्टर येतो ३.९ ÷ ०.०८५ = ४६ ओहम, म्हणून ४३ चा घ्यायचा. दुसरी परिस्थिती तपासली की करंट २३० मिलिॲम्पिअर होतो. झेनरवर २.१ वॅट, रेझिस्टरवर २.३ वॅट. रेडिओ बंद असला तरी साडेचार वॅटच्या आसपास वीज रात्रभर फक्त उष्णता होऊन जाणार, आणि रेडिओ स्वतः पूर्ण आवाजात पाऊण वॅटही खात नाही. पाच वॅटचे झेनर मिळतात, पण हे मला पटत नाही. कालव्याला जेवढं हवं तेवढंच पाणी सोडावं, सगळी नदी सांडव्यावरून घालवू नये.

सिरीज रेग्युलेटर

इथे झेनरचं काम फक्त पातळीची खूण दाखवण्याचं. करंट सोडण्याचं काम ट्रान्झिस्टर करतो, आणि तो इनपुट व लोड यांच्या मध्ये ओळीत बसतो. एनपीएन ट्रान्झिस्टरला कलेक्टर, एमिटर आणि बेस असे तीन पाय असतात. कलेक्टर इनपुटला, एमिटर लोडला. बेसवर झेनरचं स्थिर व्होल्टेज. इनपुटपासून बेसपर्यंत एक रेझिस्टर, तो झेनरला आणि बेसला करंट पुरवतो.

ट्रान्झिस्टर पातळी कशी राखतो हे नीट पाहा, कारण सगळं त्यावर उभं आहे. बेस ठाम एका व्होल्टेजवर आहे. लोडनं जास्त करंट ओढला आणि एमिटर किंचित खाली आला, तर बेस-एमिटरमधला फरक वाढतो, ट्रान्झिस्टर जास्त उघडतो आणि करंट वाढवून एमिटर परत वर आणतो. लोड कमी झाला तर उलट. फरक नेहमी ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास राहतो. म्हणून आउटपुट म्हणजे झेनर वजा सुमारे ०.७.

हे ०.७ भरून काढायला माझी आवडती युक्ती अशी : झेनरशी ओळीत एक १एन४१४८, म्हणजे छोटा साधा डायोड, सुलटा जोडायचा. तोही ०.७ ची भर घालतो. पहिल्या सर्किटमधला ९.१ चा झेनर तसाच वापरता येतो, बेस ९.८ वर जातो आणि आउटपुट पुन्हा ९.१. शिवाय तापमान वाढलं की बेस-एमिटरचं व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्ट घटतं, डायोडचंही तेवढंच घटतं, आणि दोन्ही एकमेकांना फेडतात.

ट्रान्झिस्टर म्हणून बीडी१३९ घेतला. आपल्याकडच्या कॉलेजच्या प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं एसएल१०० वापरला गेला. तो पडून असेल तर तोही चालेल, फक्त त्याच्या धातूच्या टोपीवर बसणारं हीट सिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा, लावा. त्याचं कवच आतून कलेक्टरला जोडलेलं असतं, इतर कशाला टेकू देऊ नका.

हिशेब, लोड १०० मिलिॲम्पिअर धरून :

१. बेसचा करंट. बीडी१३९ चा गेन, म्हणजे बेसच्या करंटच्या किती पट करंट तो सोडतो तो आकडा, किमान ४० धरायचा. हातातला नग १५० दाखवत असला तरी किमान आकड्यावरच हिशेब करा, उद्या बदललेला नग तसा नसेल. १०० ÷ ४० = २.५ मिलिॲम्पिअर.

२. झेनरसाठी ५ मिलिॲम्पिअर. एकूण ७.५.

३. बेसचा रेझिस्टर : (१३ − ९.८) ÷ ०.००७५ = ४२७. घेतला ३९० ओहम, अर्धा वॅट.

४. दुसरं टोक : १९ व्होल्टला (१९ − ९.८) ÷ ३९० = २३.६ मिलिॲम्पिअर. झेनरवर ०.२१ वॅट. आता अर्ध्या वॅटचा झेनरही पुरेसा आहे.

५. ट्रान्झिस्टरची उष्णता : (१९ − ९.१) × ०.१ = जवळजवळ १ वॅट.

पाचव्या पायरीवर थांबा. बीडी१३९ ला हीट सिंक नसेल तर दर वॅटला तो हवेपेक्षा सुमारे १०० अंशांनी तापतो. विदर्भातल्या मे महिन्यात हवाच ४५ अंश असते. आतली चकती १४५ ला पोचेल आणि तिची मर्यादा १५० आहे. काडेपेटीएवढा ॲल्युमिनियमचा पत्रा स्क्रूनं आवळला तरी पुष्कळ फरक पडतो. ट्रान्झिस्टरच्या मागची धातूची बाजू कलेक्टरला जोडलेली असते, पत्रा पेटीला टेकत असेल तर मध्ये अभ्रकाचा तुकडा घाला.

लोड शून्यापासून १०० पर्यंत बदलला तरी झेनरचा करंट फक्त २.५ मिलिॲम्पिअरनं हलतो. शंटमध्ये तो पूर्ण लोडएवढा हलायचा. आउटपुटमध्ये जो थोडा झोल उरतो तो मुख्यतः बेस-एमिटरच्या बदलामुळे, एखाद्या दशांश व्होल्टचा.

शॉर्टपासून बचाव

शंटमध्ये जी सुरक्षितता फुकट मिळाली होती, ती इथे गेली. आउटपुट शॉर्ट झालं तर एमिटर शून्यावर, बेस ०.७ वर आणि ३९० ओहममधून ४७ मिलिॲम्पिअर सरळ बेसमध्ये. गेन २५ धरला तरी कलेक्टरमध्ये एक ॲम्पिअरच्या वर करंट आणि अंगावर सगळं इनपुट. ट्रान्झिस्टर काही सेकंदांत जातो. तो बहुधा कलेक्टर-एमिटर शॉर्ट होऊनच जातो, म्हणजे त्यानंतर रेडिओला थेट १९ व्होल्ट मिळतात.

एक बीसी५४७ (छोटा एनपीएन ट्रान्झिस्टर) आणि ४.७ ओहमचा अर्ध्या वॅटचा रेझिस्टर हे टाळतात. रेझिस्टर बीडी१३९ च्या एमिटर आणि आउटपुट यांच्या मध्ये. बीसी५४७ चा बेस बीडी१३९ च्या एमिटरला, एमिटर आउटपुटला, कलेक्टर बीडी१३९ च्या बेसला. करंट १४० मिलिॲम्पिअरजवळ गेला की ४.७ ओहमवर ०.६५ व्होल्ट पडतात, बीसी५४७ जागा होतो आणि मोठ्या ट्रान्झिस्टरचा बेस करंट आपल्याकडे वळवून घेतो. त्या वेळी बीडी१३९ वर अडीच वॅटच्या वर उष्णता असते, म्हणून हीट सिंक त्या हिशेबानं मोठं घ्या. किंमत एवढीच की १०० मिलिॲम्पिअरवर ०.४७ व्होल्ट या रेझिस्टरवर जातात आणि आउटपुट ८.६ होतं. रेडिओला त्यानं काही होत नाही.

ही घट ज्यांना नको त्यांनी पुढची पायरी घ्यावी, फीडबॅकची, म्हणजे आउटपुट पाहून त्यावरून मोठा ट्रान्झिस्टर आवरण्याची. एमिटर जमिनीला न जोडता ५.६ व्होल्टच्या झेनरवर बसवलेला एक बीसी५४७, त्याचा कलेक्टर मोठ्या ट्रान्झिस्टरच्या बेसला, आणि त्याच्या बेसला आउटपुटवरून दोन रेझिस्टरांनी विभागलेलं व्होल्टेज. वरचा १ किलोओहम, खालचा २.२ किलोओहम. आउटपुट = (५.६ + ०.६५) × ३.२ ÷ २.२ = ९.१. झेनरला आउटपुटवरून ६८० ओहममधून वेगळा करंट द्या. रेझिस्टर बदलून व्होल्टेज बदलता येतं, हा याचा खरा फायदा. विभाजक ४.७ ओहमच्या पुढून घेतला की ती घटही भरून निघते. ७८०९ या तीन पायांच्या आयसीत हेच सगळं एकत्र भरलेलं असतं. कामच उरकायचं असेल तर तो लावा. त्याला इनपुट मात्र निदान ११ ते ११.५ व्होल्ट, लाटेच्या तळाशीसुद्धा, मिळायला हवं.

खरेदी आणि ओळख

पुण्यात बुधवार पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सुटे भाग सहज मिळतात. अर्ध्या वॅटचा काचेचा झेनर आणि १एन४१४८ दिसायला जवळजवळ सारखे असतात आणि एकाच डबीत मिसळतात. मल्टिमीटरच्या डायोड रेंजवर दोघेही सुलटे ०.६ ते ०.७ दाखवतात आणि ९ व्होल्टचा झेनर उलटा काहीच दाखवत नाही, त्यामुळे त्यानं ओळख पटत नाही. १९ व्होल्टच्या सप्लायवरून १ किलोओहममधून झेनर उलटा जोडा आणि त्याच्या टोकांवर मोजा. ९ च्या आसपास आलं तर झेनर, पूर्ण १९ आलं तर साधा डायोड, ०.७ आलं तर तुम्ही तो सुलटा धरला आहे. नावातल्या शेवटच्या ए चा अर्थ ५ टक्के फरक मान्य, म्हणजे ९.१ चा नग ८.६५ ते ९.५५ मध्ये कुठेही असू शकतो.

ट्रान्सफॉर्मर टाळून मोठ्या कपॅसिटरनं २३० व्होल्ट उतरवणारी सर्किटंही झेनरवरच चालतात. ती रेडिओसारख्या हातात धरायच्या वस्तूला कधीही लावू नका. त्यांचं आउटपुट ९ व्होल्टचं दिसलं तरी ते मेन्सपासून, म्हणजे घरच्या २३० व्होल्टपासून, वेगळं झालेलं नसतं, आणि हेडफोनच्या पिनमधून जिवाला धोका होतो.

रेडिओ जोडण्याआधी

रेडिओच्या जागी १०० ओहम, २ वॅटचा रेझिस्टर लावा. ९.१ व्होल्टला तो ९१ मिलिॲम्पिअर ओढतो. तो काढून आणि लावून आउटपुट दोन्ही वेळा मोजा. लोड लावल्यावर व्होल्टेज एक-दोन व्होल्टनं कोसळलं, तर आधी इनपुटचा तळ पाहा, मग बेसचा रेझिस्टर. मीटर एसी रेंजवर ठेवून आउटपुटवरची लाट पाहा, काही मिलिव्होल्टच्या वर नसावी. अर्धा तास तसंच चालू ठेवून हीट सिंकवर बोट टेका. बोट टिकत नसेल तर पत्रा लहान आहे. हे संध्याकाळी एकदा आणि रात्री अकरानंतर एकदा करा, कारण आमच्याकडे विजेची दोन टोकं त्याच वेळी सापडतात. दोन्ही वेळा मीटर ८.५ ते ९.५ च्या मध्ये राहिला, की मग रेडिओची पिन लावा.